सहा एकर रान

१९९५ साली हैदराबादेत कुकटपल्लीच्या पुढची एक टेकडी बंगल्यांसाठी साफ झाली. पळस, धावडा, मोई, सगळं तीन आठवड्यांत गेलं. उरलेल्या सहा एकरांत पुन्हा रान उभं करायचं काम माझ्याकडे आलं. मी हिमायतनगरला राहायचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे.

रोपांना पाणी घालायला गंगू होती. नांदेडकडची, नवऱ्यामागं दगडाच्या खाणीवर आलेली. तो गेल्यावर याच टेकडीवरची सीताफळं विकून तिनं दिवस काढले होते. झाडं वाढली की पाखरंही परत येतील, असं मी तिला सांगितलं होतं.

रोपं झपाट्यानं वाढली. दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेली. तेव्हा लक्षात आलं, एकही पान कुरतडलेलं नाही. मी वारुळाची माती आणून टाकली. संध्याकाळपर्यंत मुंग्या रांगेनं कुंपणाबाहेर निघून गेल्या. मधमाश्यांची पेटी ठेवली. सकाळी ती रिकामी होती. मेलेली माशीसुद्धा सापडली नाही.

बिल्डर खूश होता. इथं डास नाहीत, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

उन्हाळ्यात गंगूनं मला पाचोळा उकरून दाखवला. तळाशी गेल्या वर्षीची पानं होती, आत्ताच गळल्यासारखी. माती ओली होती, पण बुरशी नव्हती, कसला वास नव्हता.

"इथं काही सडंना, बाई," ती म्हणाली. "जमीन काहीच हजम करंना."

वेळ लागतो, असं काहीतरी मी बोलले. खरं तर त्या मातीचा नमुना मी दोनदा तपासला होता. काचेखाली काहीही हललं नव्हतं. तिला त्याच दिवशी दुसरीकडे काम बघ म्हणायला हवं होतं. मला ते रान सोडवत नव्हतं.

जुलैत गंगू दिसेनाशी झाली. खोलीला कुलूप होतं. गावी गेली असेल, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून चालले.

चोविसाव्या दिवशी मी धावड्यांच्या दाटीत शिरले.

ती एका बुंध्याला टेकून बसली होती. श्वास नव्हता. मी हात धरला. तो गरम होता.

नव्या कॉलनीतले डॉक्टर धावत आले. त्यांनी बराच वेळ तपासलं.

"अर्धा तास झाला असेल," ते म्हणाले. "जास्त नाही."

तिला उचलण्याआधी गुळवेलीचे वेढे सोडवावे लागले. मनगटापासून खांद्यापर्यंत अकरा.