दिसली म्हणा

लग्नात भटजींनी हॉलबाहेर नेऊन आभाळाकडे बोट दाखवलं, तेव्हा चिंचवडच्या त्या धुरकट संध्याकाळी एक चांदणी दिसेल तर शपथ! "अरुंधती दिसली म्हणा," भटजी घाईघाईत म्हणाले. हर्षदा आणि निशिकांत निमूटपणे "दिसली" म्हणाले आणि त्या थापेवर तेहतीस वर्षं संसार झाला. आता निशिकांतची नजर चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना जेमतेम वर्ष दिलं होतं. म्हणून एकदा खरी अरुंधती दाखवायला हर्षदानं हट्टानं त्याला स्पितीतल्या या चौदा हजार फुटांवरच्या खेड्यात आणलं होतं.

दिवेलागणीला दोघं यजमान डोल्माताईंच्या घराच्या सपाट धाब्यावर त्यांनीच भाड्यानं दिलेले निवळचष्मे लावून बसली. सौरप्रकल्पांवर रात्रीही ऊन पाडायला आकाशात आरसे-उपग्रह सोडल्यापासून आभाळ गढूळ झालं होतं. ते गढूळपण हा चष्मा गाळून टाकतो, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं.

"अगं, हिमबिबट्या! त्या कड्यावर बघ, शेपटी हलवतोय!" निशिकांत ओरडला. मग मान वर करून त्यानं सप्तर्षी शोधले, शेपटीतला मधला वसिष्ठ शोधला आणि त्याला खेटून बसलेली ती इवलीशी चांदणी. "दिसली! हर्षदा, खरंच दिसली गं!"

हर्षदालाही दिसली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, काचा भिजल्या. पुसायला म्हणून तिनं चष्मा काढला आणि सहज वर बघितलं.

वर पातळ ताकासारखं पांढुरकं आभाळ आणि त्यात रांगेनं सरकणारे ठिपके. वसिष्ठ कसाबसा दिसत होता. अरुंधती नव्हतीच. समोरच्या कड्यावर नुसता खडक. तिनं चष्मा लावला, बिबट्या होता. काढला, नव्हता. "अगं आई गं!" ती पुटपुटली. बकऱ्यांच्या गोठ्याचं जाळीचं दार सताड उघडं बघून सकाळी तिला नवल वाटलं होतं, ते आता आठवलं.

डोल्माताई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. हर्षदा तरातरा त्यांच्याकडे गेली.

"बिबट्या कुठाय?" तिनं दबक्या आवाजात हिंदीत विचारलं.

"चार वर्षं झाली, दीदी. इथं अंधारच पडत नाही, तो निघून गेला. गोठ्याचं दार लावायचं कुणाच्या भीतीनं?" डोल्माताईंनी मान खाली घातली. "चष्मा जुन्या नोंदींवरून सगळं हुबेहूब काचेवर उमटवतो. लोक बघतात, खूश होऊन जातात. गावाची चूल त्यावरच पेटते."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत? त्याचे डोळे जाताहेत हो!" हर्षदा संतापली.

डोल्माताईंनी चहाचा ट्रे पायरीवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तर मग आता तुम्हीच सांगा त्यांना."

"हर्षदा, कुठं गेलीस?" निशिकांतनं हाक मारली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. "ये ना. आता एकदा चष्म्याशिवाय बघतो. आपल्या स्वतःच्या डोळ्यांनी."

त्याचा हात चष्म्याच्या काडीकडे गेला. हर्षदानं धावत जाऊन तो घट्ट धरला.

"का गं?" निशिकांतनं विचारलं. "तुला नाही दिसली?"