गालिच्याचा कोपरा

ही गोष्ट रचलेली नाही. मी स्वतः त्या घरात होते. जे ऐकलं तेवढंच लिहिते आहे.

१९८४ सालची दिवाळी तोंडावर आली होती. वाशीत अरुणामावशीचा तळमजल्यावरचा फ्लॅट. घरात मावशी, मधुकरकाका आणि सकाळच्या पाळीच्या नोकरीसाठी त्यांच्याकडे राहिलेली मी.

त्यांचा म्हातारा कुत्रा खंड्या श्रावणात गेला होता. मूलबाळ नसलेल्या काकांचा त्याच्यावर भारी जीव. शेवटी शेवटी त्याला दिसेना, ऐकूही येईना. वास काढत यायचा आणि काकांच्या खुर्चीशेजारी, गालिच्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात निजायचा. तिथंच ओलं करायचा.

तो गेला आणि काकांचं जेवण तुटलं.

मग एका दुपारी, मावशी शेजारी गेलेली असताना...

टक्... टक्... टक्...

फरशीवर नखं वाजत आली. खुर्चीपाशी थांबली.

धप्प... आणि एक लांब उसासा.

काकांनी हात खाली सोडला. रिकाम्या कोपऱ्यावरून हळूहळू फिरवत राहिले. मी दारातून बघत होते. त्या रात्री काका पोटभर जेवले.

मग हे रोजचंच झालं. मावशी दुपारी शेजारी जायची, म्हणून तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दिवाळीची साफसफाई निघाली.

"तो कोपरा राहू दे ना, अरुणा," काका म्हणाले.

"राहू दे काय? पाहुणे नाकाला रुमाल लावून बसतील."

खरं कारण काका सांगणार तरी कसं?

मावशीचं काम चोख. डागावर व्हिनेगरचं पाणी ओतलं, जुन्या टॉवेलनं दाबून दाबून टिपलं, वर सोडा पसरून रात्रभर ठेवला. सकाळी ब्रश मारून गालिचा उन्हात टाकला. वासाचा मागमूस उरला नाही.

दुसऱ्या दुपारी मावशी घरीच चकल्या पाडत बसली होती...

टक्... टक्...

नखं खुर्चीजवळ आली. थांबली नाहीत.

हुंगल्याचा आवाज... या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. स्वयंपाकघरात. परत दाराशी.

मग बारीक कण्हणं.

"खंड्या, इथं रे बाळा, इथं." काका गुडघ्यांवर बसून हाका मारत होते. त्याला ऐकू कुठं येत होतं?

मावशीनं ते सगळं ऐकलं. त्याला वास तरी मिळेल म्हणून धावत जाऊन खंड्याचं अंथरायचं गोणपाट शोधून आणलं. तेही तिनं धुऊन वाळवलेलं होतं.

"मला सांगायचं नाही का हो?" एवढंच म्हणून ती रडत बसली.

खंड्या त्या कोपऱ्यात पुन्हा बसलाच नाही. काकांपुढचं ताट परत तसंच राहायला लागलं. त्याच माघात ते गेले.

आता मावशीही नाही. फ्लॅट माझ्याकडे आहे. गालिचा कधीच फाटला.

पण एखाद्या दुपारी, अजूनही...

माझ्या पायाजवळून काहीतरी जमीन हुंगत जातं. दारापर्यंत जातं. परत येतं. पुन्हा शोधायला लागतं.

काका आता इथं नाहीत, हे त्याला कसं सांगावं ते मला कळत नाही.