शेवटच्या गलबताची फळी

ऐका, पण हसू नका. पालीलासुद्धा "अहो, जरा सरका" म्हणणारी बाई मी.

अठ्ठ्याहत्तरचा हा जून. आम्ही बदलीवर चंडीगडला, आणि हे टूरवर दिल्लीला. दुपारी सेक्टर बावीसमधून दही घेऊन आले, तर मागच्या खोलीत सासरे ताटाला न शिवता बसलेले. कितीतरी दिवस नुसत्या पाण्यावर! डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर कठीण आहे.

समोर भिंतीला त्यांची फळी टेकवलेली. कोकणातल्या गोदीतून आणलेली एवढीच वस्तू. खाडीकाठच्या एका झोपडीतून वाढलेली ती गोदी. तिथली गलबतं पार मस्कतला जायची. सासरे तिथले मुख्य सुतार. पुढे लोखंडी बोटी आल्या, फाटकाला कुलूप लागलं. अर्धवट राहिलेलं शेवटचं गलबत फोडून जळणाला विकलं; ही फळी त्यातलीच.

"बाबा, दोन घास तरी..."

"हेरंब आत राहिलाय, सूनबाई."

गलबत पाण्यात ढकलण्याआधी मुख्य सुतारानं ठोकून विचारायचं, "आत कोण?" ही तिथली रीत. गलबताच्या पोटात फटी बुजवताना एखादा गडी झोपून गेलेला असायचा. शेवटचं गलबत फोडण्याआधी कुणी विचारलंच नाही. आणि फटी बुजवणारा हेरंब त्या दिवसापासून कुणाला दिसला नाही.

"मग आता विचारा की."

"उत्तर आलं तर?"

"दोन बोटं जाड फळी, बाबा! तिच्यात कोण मावणार? मी तर नाहीच. बरं, मी विचारते. मग जेवाल?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

बाहेर लू, ती इकडची भाजणारी झळ, सुटलेली. वीज गेली, पंखा थांबला. खोलीत एकाएकी फटी बुजवायच्या राळेचा वास. मी पदर खोचून फळीवर टकटक केली.

"आत कोण?"

आतून, हळूच, टक... टक...

"मी हाय..."

मी गर्रकन वळले. सासरे ताट पुढ्यात ओढून भराभर जेवत होते.

"वहिनी, आणखी भात हाय?"

मला ते कधी वहिनी म्हणाले नव्हते.

हे परत आले ते खूश. "बाबा काय टवटवीत झालेत! काय खायला घातलंस?"

मी काय सांगणार? आता रोज दुपारी फळीतून बाबांचा खोकला येतो. "सूनबाई, विचार ना गं... एकदाच..."

विचारलं की आतला बाहेर, मागचा आत, हे कळलं होतं; काल धीर करून फळीवर हात ठेवला. तर हे नेमके मागे.

"कुणाशी बोलतेयस?"

"तुम्ही आधी बाहेर व्हा!"

"अगं, पण का?"

यांच्या खांद्यामागून बाबांच्या अंगातला तो वाकून बघत होता.

"इचारा ना, वहिनी..."