जांभळी खूण

"यांच्या डोक्यावर चुकीच्या बाजूला खूण कोणी केली, एवढंच मला शोधून द्या," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

वहिनींनी तिला पाणी दिलं. नवरा गेल्यावर वहिनींनी दारावरची 'खासगी तपास' ही त्याची पाटी उतरवली नव्हती. काम त्यांनी स्वतः पुढे चालवलं, आणि नवऱ्यापेक्षा सवाई चालवलं. धाकट्या दिराकडे, म्हणजे भावजींकडे, दोन कामं होती: गाडी चालवणं आणि सगळ्यांच्या आधी चुकीच्या माणसावर संशय घेणं. दुसऱ्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बाईचा नवरा शाळामास्तर. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली गेली, आणि शेवटी झाली तेव्हा उजवी बाजू उघडली गेली. तिथे काहीच नव्हतं. मग डावी उघडली. एवढा मार मास्तरांना सोसला नाही. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

"खूण त्या परदेशी मुलीने केली होती," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षाची पोरं येतात ना बाहेरच्या देशातून, मेंदूच्या विभागात इंटर्नशिपला, त्यातली. चूक तिचीच, असं रुग्णालयाची चौकशी समिती म्हणते. उद्या निकाल आहे. पण ती मूग गिळून बसलीय. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मोठ्या डॉक्टरांना तर वाचवत नाही ना? खरा माणूस सापडल्याशिवाय माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."

"खूण मुळातच चुकली होती, हे कशावरून?" वहिनींनी विचारलं.

तिने फोन पुढे केला. "हा आदल्या संध्याकाळचा फोटो. मीच काढला, हात लांब करून. समितीलाही हाच दिलाय."

भावजींनी वाकून पाहिलं. गालाला गाल लावून हसणारे दोन चेहरे. मास्तरांचं डोकं भादरलेलं, शर्टाच्या खिशात लाल पेन, आणि खिशाच्याच बाजूला, उजव्या कानाच्या वर, जांभळा बाण. बाणाच्या टोकाशी एक ठिपका.

"उजवाच कान," भावजी म्हणाले. "यात शोधायचं काय राहिलं?"

वहिनींनी फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. "त्यानंतर काय केलंत, ताई?"

"काय करणार? भादरल्यामुळे यांच्या टाळूला खाज सुटली होती. मी मलम चोळत बसले. झोपेची गोळी दिली होतीच. लहान मुलासारखे झोपले." तिने पदराने डोळे पुसले. "माझ्याशी तेवढंच शेवटचं."

रुग्णालयात मोठे डॉक्टर हातातल्या किल्ल्या वाजवत उभ्यानेच बोलले. खूण करायचं काम त्या मुलीला दिलं होतं. तिचा हात चांगला, डोकंही चांगलं, वाईट वाटतं. त्या सकाळी तिला अपघात विभागात पाठवलं होतं, ती परत आली तोवर रुग्णाचं डोकं हिरव्या कापडाने झाकलेलं होतं.

"स्कॅनची फिल्म लावली होती ना समोर?" वहिनींनी विचारलं.

"लावलेली असतेच."

"पाहिली होती?"

"त्या दिवशी माझी ओळीने चार ऑपरेशनं होती," असं म्हणून डॉक्टर चालू लागले.

शस्त्रक्रियागृहाची सिस्टर बोलायला मोकळी होती. "खूण मी जवळून पाहिली. तपकिरी रंगाची, बारीक. मला वाटलं, आमचा जांभळा मार्कर संपला असेल."

"मार्कर पुसला जातो?"

"साबणाने घासा, ढिम्म हलत नाही. तेल, मलम, असलं तेलकट काही लागलं तरच जातो."

मुलगी वसतिगृहात पलंगावर बसली होती. बॅग भरून तयार होती. खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून ती एका हाताने गाठी मारत होती आणि सोडत होती.

"उद्या तुला घरी पाठवतील," वहिनी म्हणाल्या. "असा शेरा मारतील की पुन्हा कोणी तुझ्या हातात सुई देणार नाही."

"माहीत आहे," ती इथे शिकलेल्या मराठीत म्हणाली. "आईने घर गहाण ठेवून पाठवलंय मला."

"मग बोलत का नाहीस? सगळं झाल्यावर कापड काढलं, तेव्हा ती खूण तू पाहिलीस ना?"

मुलीचा हात थांबला. मग तिने एवढंच विचारलं, "त्या काकू कशा आहेत? जेवतात का?"

गाडीत बसताच भावजींनी निकाल लावला. "डॉक्टरनेच पहाटे जाऊन खूण बदलली. पोरगी घाबरलीय त्याला."

"तो आळशी माणूस आहे, भावजी. समोरची फिल्म बघायला ज्याने मान वळवली नाही, तो खूण पुसायला जिना चढेल?" वहिनींनी फोन उघडला. "तुमच्या शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे. सगळ्यांचाच असतो."

वहिनींनी फोनवरचा तो फोटो त्यांच्यापुढे धरला. भावजींनी फोटोतला खिसा पाहिला, मग मान खाली घालून स्वतःचा. पुन्हा फोटो पाहिला. त्यांच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"आपल्याला काहीच सापडलं नाही, असं सांगून टाकू या का?" वहिनींनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून भावजींनी ऐकला नव्हता.

"मग त्या पोरीचं काय?" भावजी म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. आपल्या प्रश्नाचं हेच उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर नातेवाइकांसाठी ठेवलेल्या बाकांवर चौघं बसली. वहिनींनी मास्तरांच्या बायकोचा हात आधी हातात घेतला, मग बोलायला सुरुवात केली.

"ताई, पुढचा कॅमेरा आरशासारखा असतो. काही फोन फोटोही तसाच उलटा ठेवतात. तुमच्या फोटोत खिसा उजवीकडे दिसतो. खिसा तर डावीकडे असतो. म्हणजे त्याच बाजूचा बाणही डावीकडेच होता. या मुलीची खूण बरोबर होती."

"मग सकाळी उजवीकडे कशी आली?"

"सकाळची खूण जांभळी नव्हती. तपकिरी होती, बारीक, पेन्सिलीची. जांभळी मलमाने गेली." वहिनींचा आवाज अगदी खाली आला. "त्यांना मलम कोणी चोळलं, ताई?"

बाईची नजर मांडीवरच्या पर्सकडे गेली. पर्समध्ये भुवयांची पेन्सिल आहे का, हे कोणी तिला विचारलं नाही.

"खूण गेली म्हणून माझ्या काळजात धस्स झालं," ती म्हणाली. "दोनदा पुढे ढकललं होतं. म्हटलं, पुन्हा ढकलतील. म्हणून हे झोपल्यावर... मी अंदाजाने नाही हो काढली. फोटो समोर धरून काढली. बघून बघून काढली."

भावजींना तिच्याकडे बघवेना. ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पेन्सिल तुमची, हे खरं," वहिनी म्हणाल्या. "पण फिल्म भिंतीवर होती. ती बघायचं काम तुमचं नव्हतं. ज्याचं होतं त्याने बघितली नाही. मी आत जाऊन हेही सांगणार आहे."

बाईच्या कानात ते शिरलं की नाही कोण जाणे. ती मुलीकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"ती खूण माझी नव्हती. मी टोकाशी ठिपका देते. आणि त्या रात्री खोलीत तुम्ही दोघंच होतात."

"मग बोलली का नाहीस गं? मी तुला काय काय बोलले सगळ्यांसमोर!"

"माझी डॉक्टरकी गेली असती, काकू. आई रडली असती, पण घरी तर गेले असते. हे कळल्यावर तुम्ही कुठे गेला असता?"

तेव्हा बाई रडली. आवाज न करता, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून, खूप वेळ. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि वहिनींनी कधी नव्हे ते चष्मा काढून पुसला.

आतून शिपाई बोलवायला आला. बाईने भावजींपुढे फोन धरला. "हा सरळ करता येतो का हो?"

भावजींनी फोटो उलटवून दिला. खिसा डावीकडे गेला, पेन डावीकडे गेलं, बाण जिथे असायला हवा होता तिथे आला. मास्तर हसतच होते.

"हं," ती म्हणाली. "हेच ते. असेच दिसायचे."

मग तिने मुलीचा हात धरला आणि आत जाऊन फोन टेबलावर ठेवला.

"चुकीची खूण मी केली," ती म्हणाली. "हिची बरोबर होती."