टोचणरावांचे कान

प्रेमात पडायला करोडगिरी नाका ही काही फारशी सोयीची जागा नाही. तिथं ऊन असतं, धूळ असते, तुपाच्या डब्यावरून कुणाचं तरी भांडण चाललेलं असतं आणि सगळ्यांदेखत आपलं गाठोडं सोडावं लागतं. पण त्रेचाळीस सालच्या परंड्यात एकोणीस वर्षांच्या मुलीला दुसरी जागा तरी कुठली मिळणार होती?

आमचा नाका बार्शीच्या वाटेवर होता. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी मुलूख. जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची तिथं झडती व्हायची, त्यावर जकात लागायची. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची आणि नाक्यावर फार वेळ थांबली की विस्तव निवायचा. मग ड्रायव्हर बलभीम पंखा फिरवत सगळ्यांच्या आयामायांचा उद्धार करायचा.

माझे वडील वीरप्पा – आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो – दर पंधरा दिवसांनी कापड आणायला बार्शीला जात. त्या दिवशी हट्ट करून मीही निघाले. मांडीवर गाठोडं होतं आणि गाठोड्यात माझी चित्रं.

चित्रकला मला कुणी शिकवली नाही. मिलच्या ताग्यांवर रंगीत तिकिटं चिकटवलेली येत – कुठं हरीण, कुठं राणी, कुठं झोपाळा. ती बघून बघून मी काढायला लागले. मग वाटलं, हे हरीण इथून पुढं कुठं जाईल? म्हणून दुसरी चौकट काढली, मग तिसरी. कागद महाग झाला होता. मी ताग्यांचं वेष्टण सोडवून त्याच्या कोऱ्या बाजूवर काढायची. बार्शीत एक पाक्षिक निघायचं, त्यात छापायचं माझ्या मनात होतं. आमच्या राज्यात छापायला परवानगी लागे. हसायलाही लागली असती, पण तसा अर्ज कुणी केला नव्हता.

"गाठोडं सोडा."

मी वर पाहिलं. लांब मान, रुमी टोपी आणि देवानं हात मोकळा सोडून काढलेले दोन कान, एकावर पेन्सिल अडकवलेली. हा नाक्यावरचा नवा कारकून, मल्लिनाथ. नळदुर्गाकडचा. पोती टोचायची लोखंडी टोचणी त्याच्या हातात होती.

"ह्यात काय हाय?"

"चित्रं."

"कसली?"

"काढलेली."

त्यानं यादी काढली आणि बोट फिरवलं. "तेल हाय, तूप हाय, चामडं हाय, शेंगा हायत… चित्रं न्हायत."

"मग सोडा की."

"यादीत न्हाय ते सोडता येत न्हाय. वर पाठवावं लागतंय. धाराशिवला."

धाराशिवला गेलेला कागद परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं एकेक चित्र पाहिलं, मग कागद उलटा केला. मागं मिलचा शिक्का होता. त्यानं बाजेवर लवंडलेल्या जमादाराकडं एक नजर टाकली आणि मोठ्यानं म्हणाला, "रद्दी कागद!"

वहीत लिहिलं, पावती फाडली, शिक्का मारला. उर्दूत होती. मला काय, आप्पांनाही ती वाचता येत नव्हती. पुढच्या फाटकावरचा शिपाई फक्त शिक्का बघायचा, तोही उलटा धरून.

"सुटलं न्हवं? मग झालं तर," आप्पा म्हणाले.

झालं कसलं! सहा महिन्यांचं काम आणि म्हणे रद्दी. मी गाडीतल्या गाडीत त्याच पावतीच्या पाठीवर त्याला काढला. मान आणखी लांब केली, कान आणखी मोठे, आणि टोचणी एका झोपलेल्या शेटजीच्या पोटात खुपसली. नाव ठेवलं टोचणराव.

पाक्षिकाचे संपादक नारायणराव छापखान्यातच बसत. त्यांनी माझी हरणं, राण्या बाजूला सारल्या आणि पावती उचलली.

"हे कोण?"

"नाक्यावरचा एक."

"याच्या सहा चौकटी आणा दर अंकाला. छापतो."

"नाव घालाल न्हवं? शांतम्मा वीरप्पा."

नारायणराव हसले. "शांतम्मा! वाचकांना वाटेल, लोणच्याची जाहिरात आहे. नावाचं पुढं बघू."

पंधरा दिवसांनी टोचणरावाच्या सहा चौकटी घेऊन मी त्याच नाक्यावर, त्याच माणसापुढं उभी राहिले. वाट एकच होती, काय करणार? त्यानं कागद उलगडला. पहिली चौकट, दुसरी… सहावीवर तो थांबला आणि हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"टोपी चुकली," तो म्हणाला.

"काय?"

"गोंडा मागं असतोय. तुमी कानावर काढलाय." मग कान चाचपून, "तसा कानावर बी ऱ्हाईल म्हना. जागा हाय."

मला हसू आवरेना. त्यानं मोठ्यानं "रद्दी कागद!" असं पुकारलं, वाकून पावती लिहिली आणि माझ्या हातात ठेवली.

पुढच्या खेपेला गोंडा मागं होता. त्यानं टोचणी धरायची पद्धत सुधारली. त्याच्या पुढच्या खेपेला हळूच म्हणाला, "परवा एक म्हातारी आली. लुगड्यात जवारी बांधलेली. टोचली, तर ती हसायलाच लागली – म्हनं गुदगुल्या हुत्यात…"

"मग?"

"मग काय? सोडली. म्या बी हसत हुतो."

ती म्हातारी पुढच्या अंकात आली आणि बार्शीत गाजली. तेव्हापासून दर खेपेला तो मला एक गोष्ट द्यायचा. गाठोडं तपासायला जेवढा वेळ लागेल तेवढीच गोष्ट, आणि गाठोडं तपासायला आता बराच वेळ लागू लागला होता. बलभीम भोंगा वाजवायचा. आप्पा एकदा मोटारीत बसता बसता म्हणाले, "आपल्या रद्दीची झडती लई बारकाईनं हुतीया." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

पावत्या मी जपून ठेवत होते. पाठकोरा कागद टाकायचे ते दिवस नव्हते. प्रत्येकीच्या पाठीवर मी पुढच्या चित्रांचा कच्चा आराखडा काढायची. समोरची बाजू कधी निरखून पाहिली नाही. तिथं 'रद्दी' लिहिलंय हे मला ठाऊकच होतं, आणि तेवढी एक गोष्ट सोडली तर मला तो आवडायला लागला होता. तेवढी गोष्ट मात्र खुपायची.

बारा अंक झाले. नारायणराव म्हणाले, "दिवाळीला टोचणरावाचं पुस्तक काढू. मुखपृष्ठावर तुमचं नाव. ठळक."

मी जागच्या जागी उभी होते, पण उडी मारल्यासारखं वाटलं.

"एकच करायचं," ते म्हणाले. "हा फार गोड झालाय. लोकांना नाकेदाराचा राग आहे. याला पैसे खाताना दाखवा. म्हातारीला लुबाडताना दाखवा. शेवटी लोक झोडपतात. अशा सहा चौकटी आणा, लगेच छापू, आणि तिथून पुढं पुस्तक तसंच."

मी काढल्या. खोटं कशाला बोलू? नाव छापून यायचं होतं मला. टोचणराव म्हातारीच्या कनवटीला हात घालतो, ही चौकट तर फार उत्तम साधली होती.

नाक्यावर मल्लिनाथनं कागद उलगडला. त्या दिवशी त्यानं कुठली गोष्ट सांगितली नाही. सहाही चौकटी पाहिल्या आणि कागद नीट घडीवर घडी घालून परत दिला.

"काय चुकलं का?" मी विचारलं.

"न्हाय. टोपी बरूबर हाय." टोचणी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. "हात बी चांगला आलाय. पर त्यो माजा न्हाय."

"रद्दी कागद," तो म्हणाला, पण या वेळी मोठ्यानं नाही.

बार्शी येईपर्यंत मी तो कागद तीनदा उलगडला आणि तीनदा मिटला. छापखान्यात नारायणरावांनी कागद हिसकावूनच घेतला आणि "वा! वा!" करू लागले. छापखान्याचे मालक शिवलिंगप्पा चित्रं दगडावर उतरवून छापत. गुलबर्ग्याकडं उर्दूत शिकलेला, अबोल माणूस. त्यांनी आराखडे बघायला पावत्यांची चळत मागितली. एक पावती चाळता चाळता उलटली, चष्मा वर केला, मग दुसरी उलटली.

"बाळ, हे कुणी लिहिलंय?"

"नाक्यावरच्या कारकुनानं. रद्दी कागद म्हनून."

"रद्दी?" त्यांनी पावती उजेडात धरली आणि मराठीत करत वाचली. "माल: चित्रं, सहा चौकटी. काढणार: शांतम्मा वीरप्पा, परंडा. शेरा: गोंडा सुधारला आहे." दुसरी घेतली. "काढणार: शांतम्मा वीरप्पा. शेरा: म्हातारी हुबेहूब. दोनदा हसलो." तिसरी. चौथी. रद्दी हा शब्द फक्त पहिल्या पावतीवर होता. शेवटची, त्याच सकाळची: "काढणार: शांतम्मा वीरप्पा. शेरा: काही नाही."

मला एकदम त्याचं बाजेकडं बघणं आठवलं. जमादार ऐकायचा, वाचायचा नाही. ऐकणाऱ्यासाठी रद्दी होती आणि लिहिताना माझं नाव. आणि मी त्या नावाच्या पाठीवर त्याचे कान काढत बसले होते.

मी नारायणरावांच्या हातातून कागद काढून घेतला.

"अहो, मग पुस्तक नाही! नाव नाही!"

"माजं नाव लिवून झालंय," मी म्हणाले. "तेरा येळा." आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका संपादकाकडं पाठ करून बाहेर पडले.

परतीची मोटार उन्हं कलताना नाक्यावर थांबली. मल्लिनाथनं गाठोडं सोडलं आणि तोच कागद पाहून चपापला.

"हे दिलं न्हाय?"

"न्हाय."

"का?"

"टोपी चुकली."

मी आवाज खाली आणला. "मला उर्दू येत न्हाय. पर शिवलिंगप्पांना येतंय."

कान असे लाल झाले की बलभीमसुद्धा भोंगा वाजवायचा विसरला. मग मल्लिनाथ ताठ उभा राहिला आणि अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "चित्रं! सहा चौकटी! शांतम्मा वीरप्पा, परंडा!"

जमादार बाजेवर उठून बसला. मल्लिनाथ मात्र पावती लिहितच होता – या वेळी फार लांबलचक. ती त्यानं चार घड्या घालून माझ्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी नाक्यावर वेगळाच कारकून होता. त्याचे कान अगदी बेताचे होते. मल्लिनाथची भूमला बदली झाली होती. का, ते विचारायची गरज नव्हती.

ती पावती शिवलिंगप्पांनी चुटकीसरशी वाचून दिली असती. पण ती मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नव्हती. आपल्याला शहाणपण फार आहे अशी माझी तेव्हा समजूत होती. शाळेतले मौलवीसाहेब दुकानात कापड घ्यायला येत. त्यांच्याकडून मी मुलांचं उर्दूचं पहिलं पुस्तक आणवलं आणि अलिफपासून सुरुवात केली. छापील अक्षर महिन्यात आलं. हाताचं लिखाण यायला आणखी दोन महिने गेले.

मधल्या काळात मी शिवलिंगप्पांना अगरबत्तीच्या पुड्यांवरची चित्रं काढून दिली. त्या बदल्यात दिवाळीला त्यांनी माझं पुस्तक छापलं. गोड टोचणराव, गुदगुल्यांची म्हातारी, सगळं जसंच्या तसं. मुखपृष्ठावर शांतम्मा वीरप्पा. बार्शीच्या बाजारात लोक ते उभ्या उभ्या वाचून हसत होते. मी आनंदात असायला हवं होतं. पण ज्यानं हसायला हवं तो भूमला होता, आणि त्याची मला इतकी आठवण येत होती की स्वतःचाच राग यायचा.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी, दुकानाच्या पायरीवर, मी ती पावती एकेका अक्षरानं वाचली.

"माल: चित्रं. काढणार: शांतम्मा वीरप्पा. शेरा: पुढील खेपेस कान जरा लहान काढावेत, कारण मावशीला घेऊन तुमच्या घरी बघायला येण्याचा विचार आहे. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास नकार समजण्यात येईल."

मी बोटं मोजली. तीन महिन्यांवर सहा दिवस झाले होते.

आधी रडले, मग पावती उलटली. तिची पाठ अजून कोरी होती. पहिल्या चौकटीत टोचणराव भूमच्या नाक्यावर वाट बघतोय. दुसरीत एक मुलगी पोराटोरांच्या पुस्तकापुढं मान मोडून बसलीय. तिसरीत तिचा अलिफ वाकडा, चौथीत बरा. पाचवीत ती पावती वाचतेय आणि तिच्या डोळ्यांतून धार लागलीय. सहावीत टोचणराव आमच्या दुकानाच्या दारात उभा, टोपी हातात, आणि कान पूर्वीएवढेच. खाली माझ्या कच्च्या उर्दूत लिहिलं: "उत्तर उशिरा, पण होकार. कान आहेत तसेच चालतील."

बाजारच्या दिवशी बलभीमची मोटार भूमला जायची. त्यानं कागद खिशात घातला. "रद्दी हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

पुढच्याच सोमवारी ते आले. मल्लिनाथ आणि त्याच्या कडूबाई मावशी. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्या कानांकडं, आणि त्यांनी पानाचं तबक पुढं सरकवलं.

मावशींनी रीतीप्रमाणं विचारलं, "पोरीला काय काय येतंय?"

आप्पा घसा खाकरून सैपाक, शिवण, टिपण अशी यादी सुरू करणार, एवढ्यात मल्लिनाथच मोठ्यानं म्हणाला, "चित्रं."

त्याचे कान असे पेटले की मी दाराला धरून उभी होते तिथंच विचारात पडले, हा रंग काळ्या शाईत काढायचा तरी कसा.