एक टक्का पुढे

प्रयोगाच्या चौतिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉ. मृणाल तेरदाळे हिने कोल्हापूरच्या श्रमविज्ञान संशोधनिकेत स्वतःचा हृदयालेख स्वतःच तपासला. दर चाळीस ठोक्यांमागे एक ठोका वेळेआधी पडत होता. आठवड्यापूर्वी हे प्रमाण दोनशेत एक होतं. तिने आलेख पुसला नाही, कारण नोंद पुसणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. पडदा मात्र तिने भिंतीकडे वळवून ठेवला.

ठोके चुकण्याचं कारण तिला ठाऊक होतं. ते तिच्या घरीच होतं, आठ फूट बाय नऊ फुटांच्या खोलीत.

आधी त्या खोलीत जादा गाद्या आणि नवऱ्याच्या पुस्तकांची खोकी असत. प्रयोगासाठी मृणालने ती रिकामी केली आणि आठवडाभर खपून सजवली. इतक्या लहान जागेत यंत्रं कोंबली की माणसाला जागा उरत नाही, म्हणून यंत्रं नाहीत. खाली बुचाची नरम फरशी. दोरीवरच्या उड्यांना अडेल म्हणून छताचा पंखा काढला आणि भिंतीत वर झरोका पाडला. कोपऱ्यात खांद्यांवरून फिरवायच्या लाकडी करेलाची जोडी, एक चटई, किंचित पिवळसर चुन्याचा रंग. आरसा मुद्दामच नव्हता. आरशाच्या जागी जोडभिंत होती.

जोडभिंत सुरू झाली की खोली दुप्पट लांब होई. पलीकडे तेवढीच दुसरी खोली दिसे आणि तिच्यात चेहरा नसलेली, करड्या रंगाची एक बाई व्यायाम करत असे.

ही कल्पना गणिती पद्माकर बावडेकर याची. तो तीन महिने एका तालमीत जाऊन बसला होता, कुस्ती शिकायला नव्हे, वस्ताद जोड कशी लावतो, कुणासमोर कुणाला उभा करतो, ते पाहायला. प्रयोगाला मंजुरी देताना विभागप्रमुख ऊर्मी शहापुरे हिने दोघांना समोर बसवून प्रश्न विचारले होते. ऊर्मी एकेकाळची मृणालची विद्यार्थिनी. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी दोन वर्षांपूर्वी दोघींनीही अर्ज केला होता.

"पलीकडची बाई संगणकाने रचलेली का नको?" ऊर्मीने विचारलं होतं.

"ते करून पाहिलं," मृणाल म्हणाली. "आठवड्यात लोक कंटाळले. चित्राचा हेवा कुणाला वाटत नाही. समोरचा माणूस खरा आहे, याच गावात राहतो, एवढं कळलं की श्रमांक वाढतो." श्रमांक म्हणजे वय आणि वजन जमेस धरून काढलेलं शरीराच्या मेहनतीचं माप.

"आणि ती खरी बाई मागे असली तर?"

"म्हणून एक टक्का," पद्माकर म्हणाला. "वस्ताद पोराला नेहमी किंचित भारी जोड देतो. आम्ही जवळात जवळचा माणूस शोधतो आणि त्याची व्यायामाची शेवटची खेप एक टक्का वाढवून दाखवतो. श्रमांक वाढवतो, अंगाचा डौल वाढवतो, खोलीसुद्धा थोडी उजवी दाखवतो."

"दहा टक्के का नाही?"

"दहा टक्के पुढे असलेल्याचं आपण कौतुक करतो, मॅडम. एक टक्का पुढे असलेला झोप उडवतो."

ऊर्मी हसली होती. हसताना तिने मृणालकडे पाहिलं होतं, निदान मृणालला तसं वाटलं. मग तिने सही केली. अकरा कर्मचाऱ्यांच्या घरी अकरा खोल्या झाल्या. कुणाची जोड कोण, हे सीलबंद राहिलं.

एक टक्क्याचं गणित मृणालला पाठ होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी तिला पलीकडच्या बाईच्या खांद्यांचा राग आला. ते उगाचच सैल आणि सुंदर होते. ही हिशेब विभागातली कुणीतरी पंचविशीतली पोरगी असणार, असं तिने ठरवून टाकलं. रोज सकाळी सहाला ती भिंत सुरू करायची, करड्या बाईचा श्रमांक पाहायची आणि तो गाठल्याशिवाय खोलीबाहेर पडायची नाही. गाठला की लगेच थांबायची. तेवढ्यापुरती छाती हलकी वाटे. दुसऱ्या सकाळी बाई पुन्हा पुढे असे.

खोलीचंही तेच. पलीकडची फरशी अधिक उबदार दिसली, म्हणून मृणालने फरशीला मेण लावलं. चार दिवसांनी पलीकडची फरशी चकाकू लागली. मृणालने वाळ्याचा पडदा लावला. पलीकडे जास्त दाट पडदा आला. मग दिव्यासाठी कोनाडा, मग कोनाड्याला तांबडी किनार.

"ही व्यायामाची खोली आहे का मंगल कार्यालय?" तिचा नवरा यशवंत दारातून म्हणाला. "अक्षता कुठं ठेवल्यात तेवढं सांग."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला एवढंच कळतंय, की तू रोज तास-दीड तास घाम गाळतेस आणि बाहेर येतेस ती तोंड पाडून."

तिने दार लावून घेतलं.

चौतिसाव्या दिवशी, हृदयालेख पाहिल्यावर, तिने पाच आठवड्यांचे आकडे समोर घेतले. श्रमांक चाळिसावरून अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सातवर गेला होता. तिच्या वयाला धोक्याची रेषा शंभरवर होती. या वेगाने आणखी बारा दिवस. इथवर नवीन काही नव्हतं. मग तिने सहज म्हणून समोरच्या बाईचा रोजचा आकडा आपल्या आदल्या सकाळच्या आकड्याने भागला. उत्तर आलं एक पूर्णांक शून्य दोन शून्य एक. दुसऱ्या दिवसाचं उत्तर तेच. तिसऱ्याचंही.

एखादी अनोळखी बाई स्वतःच्या मर्जीने व्यायाम करत असती, तर हे गुणोत्तर असं स्थिर राहिलं नसतं.

तिने एक छोटी चाचणी घेतली. माळ्यावर आंघोळीचं जुनं तांब्याचं घंगाळ होतं. व्यायामाशी जिचा काडीचा संबंध नाही, अशी तीच वस्तू तिला सुचली. दुसऱ्या सकाळी ते कोनाड्याखाली ठेवून तिने नेहमीचा व्यायाम केला. पलीकडे घंगाळ उमटतं का ते पाहायला दोन-तीन दिवस लागतील, असा तिचा अंदाज होता.

तेवढे दिवस लागले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऊर्मी प्रयोगशाळेत आली, इकडची तिकडची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाली, "मॅडम, तांब्याचं घंगाळ कुठं मिळतं ओ? चांगलं, घासूनपुसून लखलखीत केलेलं."

मृणालने हातातली लेखणी खाली ठेवली. "कशाला हवंय?"

"असंच. व्यायामाच्या खोलीत ठेवायला."

"बस ऊर्मी. पद्माकरला बोलावते."

पद्माकरने सील फोडलं नाही. आता त्याची गरजच नव्हती. त्याने दोघींचे आकडे शेजारी मांडले.

"मृणाल सकाळी व्यायाम करते," तो म्हणाला. "तो एक टक्का वाढवून संध्याकाळी ऊर्मीला दिसतो. ऊर्मी तो गाठते. तो पुन्हा एक टक्का वाढवून सकाळी मृणालला दिसतो. सुरुवातीला तुम्ही दोघी चाळिसावर होता, एकमेकींना सगळ्यांत जवळच्या. यंत्राने सरळ जोड लावली. दोघांना एकमेकांचीच जोड लावू नये असा नियम मी घातलाच नव्हता."

"म्हणजे पुढे कुणीच नव्हतं," मृणाल म्हणाली.

"कुणीच नव्हतं. दाट पडदाही कुणाकडे नव्हता."

ऊर्मीने मनगटावरचा नाडीपट्टा काढून टेबलावर ठेवला. "माझेपण ठोके चुकतायत," ती म्हणाली. "मला वाटलं वरच्या मजल्यावरची ती नवीन संगणकवाली असणार. रोज शिव्या घालत होते तिला."

"मी हिशेब विभागातल्या पोरीला घालत होते."

पद्माकरने कपाळ चोळलं. "तालमीत ही भानगड होत नाही. वस्ताद मधे उभा असतो. तो टाळी वाजवतो आणि जोड सुटते. मी त्याचा नियम उचलला आणि त्याला तिथंच ठेवून आलो."

"मग आता जोडी बदल," मृणाल म्हणाली.

"बदलतो. पण प्रत्येकाने आपल्यातल्याच कुणाकडे तरी पाहायचं आणि माणसं अकराच, म्हणजे साखळी कुठंतरी स्वतःवर येऊन मिळणारच. दोघींचं वर्तुळ मोडलं तर तिघांचं होईल, नाहीतर सात जणांचं. हजार माणसं घेतली तरी होईल."

"भिंत बंद करू," ऊर्मी म्हणाली.

पण प्रयोग नव्वद दिवसांचा होता. मधेच भिंत बंद करणाऱ्याच्या नावापुढे 'माघार' असं लिहिलं जाणार होतं. तो शब्द मृणालनेच नोंदींच्या छापील नमुन्यात घातला होता.

"तू कर आधी," मृणाल म्हणाली.

"तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही आधी."

"तू विभागप्रमुख आहेस."

"तुम्ही अजून तेच धरून बसलाय का?"

"मी काही धरून बसलेली नाही. तू खुर्चीवर बसलीस."

पद्माकर खिडकीबाहेर पाहू लागला. दोघींपैकी कुणालाच त्याची दया आली नाही. अखेर उपाय मृणालला सुचला, आणि तो सुचल्याबद्दल तिला थोडं बरंही वाटलं. "एक टक्का कशावर?" तिने विचारलं. "शून्य कितीही टक्क्यांनी वाढवा, शून्यच राहतं. भिंत सुरू ठेवायची आणि अर्धा तास नुसतं बसायचं. उद्या सकाळी मी बसते, मग उद्या संध्याकाळपासून तू बस. माघार कुणाचीच नाही."

"तुम्ही बसाल?"

"बसेन."

"शपथ?"

"ऊर्मी, मी तुझा प्रबंध तपासलाय. माझ्यावर विश्वास ठेव."

दुसऱ्या सकाळी मृणाल चटईवर मांडी घालून बसली. पलीकडे ऊर्मीची आदल्या संध्याकाळची खेप चालू होती. ती ऊर्मी आहे हे आता माहीत होतं, त्यामुळे खांदे जास्तच खुपत होते. करेलाची जोडी फिरत होती, आकडा चढत होता. मृणालची बोटं दोनदा दोरीकडे गेली. तिने हात मांडीखाली दाबून धरले. अर्ध्या तासाने भिंत विझली. तिचा श्रमांक शून्य पडला होता. त्या दिवशी हृदयालेखात दर दीडशे ठोक्यांमागे एक चुकला. संध्याकाळी ऊर्मीचा निरोप आला: "बसले. खूप अवघड आहे ओ."

त्यानंतरच्या सकाळी मृणालने भिंत सुरू केली. पलीकडे करडी बाई मांडी घालून शांत बसलेली होती. दोघींमध्ये आता ओढायला काहीच उरलं नव्हतं. मृणालने डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि मग तिला ते दिसलं.

पलीकडच्या बाईची पाठ अधिक ताठ होती. फार नाही. मान किंचित लांब, हनुवटी किंचित आत, गुडघे जमिनीला जवळजवळ टेकलेले. दिवसभर तक्रार करत खुर्चीत रेलून बसणारी ऊर्मी इथे एखाद्या मूर्तीसारखी बसली होती.

हा एक टक्का यंत्राचा आहे, असं मृणालने स्वतःला बजावलं. मग तिने खांदे मागे घेतले आणि कणा वर खेचला. पाठ ताठ ठेवायला स्नायूंना काम करावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढचा आकडा शून्यावरून हलला.