गायब झालेला चौथा तक्ता

अहवालात तिसऱ्या तक्त्यानंतर थेट पाचवा होता. रुचिकाने पानं पुन्हा उलटली. चौथा नव्हताच.

"काय लिवलंय त्यात?" सोनूबाईंनी विचारलं. भांडुपच्या कोळीवाड्यातल्या सोनूबाई चाळीस वर्षं मासळी विकत होत्या.

"कोळणी नाहूरच्या ऑफिसवाल्या बायकांपेक्षा फार तापट आहेत. म्हणून नव्या बाजारात तुम्हाला ओटे देऊ नयेत."

"तापट? त्या सर्वेवाल्या पोरीनं इचारलं, ओरडता का? म्हटलं, ओरडते. पहाटे तीनला जाग येते का? येते. खोटं कशाला बोलू?"

बाजार कमिटी पाच वाजता अहवालावर शिक्का मारणार होती. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या रुचिकाचं डोकंच फिरलं. दोघी रिक्षाने कांजूरमार्गला, सर्वेक्षण संस्थेच्या ऑफिसात धडकल्या.

"मी टाइप केला तेव्हा सगळे तक्ते होते," टायपिस्ट समीक्षा हळूच म्हणाली. "प्रज्योत सरांना दिला."

"मी मसुदा उघडलाच नाही," संस्थाप्रमुख प्रज्योत म्हणाला. "छपाईत राहिलं असेल."

"राग आत असतो, सर," रुचिका म्हणाली. "प्रश्नांवरून त्याचा नुसता अंदाज बांधायचा. मग दोन गटांची सरासरी ताडून पाहण्याआधी प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे सारखंच मोजतो का, ही तपासणी लागते. ती चौथ्या तक्त्यात असणार. कुठाय?"

"अहो, वीस प्रश्न होते मॅडम! त्यातल्या दोनांमुळे काय आभाळ कोसळतं?"

रुचिका शांतपणे खुर्चीत बसली.

"दोनच प्रश्न चुकीचे निघाले, हे तुम्हाला कसं कळलं? मी आकडा बोललेच नाही. मसुदा तर तुम्ही उघडला नव्हता."

समीक्षाने खण उघडला आणि सरांकडून परत आलेला मसुदा टेबलावर ठेवला. चौथ्या तक्त्यात दोन प्रश्नांवर खूण होती. समासात प्रज्योतच्या अक्षरात लिहिलं होतं: हा तक्ता गाळा.

"ओरडणं आणि पहाटेची जाग," रुचिका म्हणाली. "मनात सारखाच राग असलेल्या दोघी घ्या. गिऱ्हाइकाला हाका मारणारी, तीनला लिलावाला जाणारी कोळीण इथे जास्तच गुण मिळवणार. तो राग नाही, धंदा आहे. उरलेल्या अठरा प्रश्नांवर दोन्ही गट सारखेच तापट आहेत. हे तुम्हाला ठाऊक होतं."

"कमिटीला ते ओटे आपल्या माणसांसाठी हवे होते," तो पुटपुटला. "काम त्यांनीच दिलं होतं."

सोनूबाईंनी मसुदा उचलून पदराखाली घेतला.

"चल गं पोरी, पाच वाजायला आले." मग दारातून वळून त्या सगळं ऑफिस दणाणेल अशा ओरडल्या, "हा राग हाय रं! मोज आता!"